मुंबईत निळ्या ठिपक्यांची कुक्कू बी कशी शोधायची, कशी ओळखायची

तुळशीवर नाहीतर घाणेरीवर कधीतरी एक काळीभोर माशी येते, अंगावर आकाशी निळे ठिपके, पंख धुरकट, आणि बाकीच्या माश्यांसारखी ती फार घाईतही नसते. कोणीतरी मोबाइलवर हललेला फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं आणि खाली लगेच सुरू, "विषारी आहे, लांब राहा", "बाहेरच्या देशातून आलीये", "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा". तर ती विषारी नाही, बाहेरची नाही आणि पेस्ट कंट्रोलची तर अजिबात गरज नाही. ही आपल्या इथलीच रानटी मधमाशी आहे. फक्त ही मध साठवत नाही, पोळं बांधत नाही, आणि स्वतःच्या पोरांसाठी परागाचा एक कणसुद्धा गोळा करत नाही. दुसऱ्या माशीने मरमर करून भरलेल्या घरट्यात अंडं घालते आणि निघून जाते. हिचं शास्त्रीय नाव थायरियस, आणि इथे आपण सरळ कुक्कू बी म्हणू.

लोक हिला फुलांवर शोधत फिरतात, दिसली तर नशीब नाहीतर रविवार फुकट. तसं नाही करायचं. हिला शोधायचंच नाही, जिच्या जिवावर ही जगते ती माशी शोधायची, तिचं घर शोधायचं आणि तिथे गप्प बसून राहायचं. ही बया स्वतः दिवसभर तेच करते, आपण फक्त तिच्या आधी जाऊन बसायचं.

पायरी १: आधी यजमान माशी ओळखायला शिका

यजमान म्हणजे निळ्या पट्ट्यांची माशी, अमेगिला. मुंबईत ही भरपूर आहे, तुम्ही पाहिलेली असणार, लक्ष दिलेलं नसणार. सातेरी मधमाशीपेक्षा जरा मोठी आणि गुबगुबीत, छातीवर पिवळट तपकिरी दाट लव, आणि काळ्या पोटावर चमकदार निळे, कधी हिरवट दिसणारे आडवे पट्टे. मादीला साधारण चार पट्टे असतात आणि नराला पाच, पण हे उडताना मोजायला जाऊ नका, डोकं दुखेल. लिनियसने १७५८ मध्येच या गटातल्या एका जातीला नाव देऊन ठेवलंय, ती अमेगिला झोनाटा.

ओळखायची खरी खूण रंग नाही, आवाज. आधी ऐकू येते, मग दिसते. बारीक, चढ्या सुराची गुणगुण, फुलासमोर हवेत क्षणभर थांबणार, लांब सोंड आधीच पुढे काढलेली, फुलात घुसवणार, आणि तुम्ही कॅमेरा वर करेपर्यंत पुढच्या फुलावर. एका जागी दोन सेकंद टिकत नाही. वांगी, टोमॅटो, टाकळा असल्या फुलांवर मात्र ती वेगळंच करते, फुलाला कवटाळून धरते आणि उडायचे स्नायू थरथरवते, त्याने परागकोशातला पराग खाली सांडतो, आवाजही एकदम बदलतो. हे आपल्या पेटीतल्या मधमाशीला जमत नाही. म्हणजे गच्चीत वांगी लावलीत आणि फळ धरतंय तर त्यात हिचा हात असू शकतो, हे शेजारच्या काकूंना सांगा, मग त्या स्प्रे मारायच्या आधी विचार करतील.

आणि ही एकटी राहते. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. प्रत्येक मादी आपापलं बीळ खणते, जमिनीत, मातीच्या भिंतीत, जुन्या बांधकामातल्या भुसभुशीत चुन्यात. जागा चांगली असेल तर बऱ्याच माद्या शेजारीशेजारी बिळं करतात, चाळीसारखं राहतात म्हणा, पण ज्याचं बिऱ्हाड त्याचं.

पायरी २: सीझन आणि वेळ

मुंबईत या माश्या वर्षभर अधूनमधून दिसतात पण भर पावसात जाऊन काही फायदा नाही, ओलं असतं, फुलं झडतात, माश्या बाहेर पडत नाहीत. गणपती झाले, पाऊस ओसरला, ऊन पडायला लागलं की सुरू करा. ऑक्टोबरची हीट आपल्याला नको होते पण माश्यांना चालते, आणि तेव्हा तुळशीला मंजिऱ्या, रानतुळस फुललेली, तुंबा, तेरडा, टाकळा, कडेकडेने काही ना काही असतंच. तिथपासून डिसेंबरपर्यंत सगळ्यात सोपं.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी आठ ते अकरा फुलांसाठी आणि घरट्यासाठी. दुपारी बारानंतर तुम्हीच उभे राहू शकणार नाही. आणि संध्याकाळी ऊन उतरताना एक वेगळी संधी असते, ती झोपेची, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण नवीन माणसाला सगळ्यात चांगला फोटो तिथेच मिळतो.

पायरी ३: कुठे जायचं

बहुतेकांना वाटतं जंगलातच जायला पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उत्तमच आहे, शंभराच्या वर चौरस किलोमीटरचं जंगल आपल्या लोकलच्या अंतरावर आहे, पायवाटांच्या कडेची उघडी माती, उन्हाचे कवडसे, रानटी फुलं, सगळं आहे. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, आणि आत काहीही पकडायचं नाही, उचलायचं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा वगैरे सोडा, पकडायची गरजच नाहीये. गोरेगावला फिल्मसिटी रोडवर बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तेही चांगलं, पण आधी विचारून जा. आरेमध्ये पाड्यांच्या बाजूला जुन्या मातीच्या, कुडाच्या भिंती असतील तर तिथे अमेगिलाची बिळं असायची शक्यता जास्त, फक्त ती लोकांची राहती घरं आहेत, आधी "मावशी, जरा भिंतीजवळ बसू का, माशी बघायचीये" असं विचारायचं, मग बसायचं. कोणी नाही म्हणत नाही, उलट दुसरी भिंत दाखवतात.

शहरात म्हणाल तर धारावी-सायनजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जे एकेकाळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय आणि १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे, तिथे औषधी झाडं आहेत म्हणजे तुळशीवर्गातली फुलं आलीच. राणीची बाग, बुधवार सोडून. माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स. पण खरं सांगू का, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे आपल्याच सोसायटीची मागची कंपाउंड वॉल, जिथे प्लास्टर पडलंय, आतली माती दिसतेय, ऊन येतं आणि बाजूला कोणीतरी तुळस, सब्जा, डुरांटा लावलाय. कमिटीचं त्या भिंतीकडे लक्ष नाही हीच चांगली गोष्ट.

तिथे बसलं की लोक विचारतात, तयारी ठेवा. आमचे माळीकाका:

"काय हो, काही पडलं का तुमचं?"

"नाही काका, माशी बघतोय."

"भिंतीत?"

"हो, तिथेच राहते ती."

"अरे देवा, आणि हे लोक म्हणतात वाळवी लागलीये!"

वाळवीची खूण म्हणजे मातीची लांब नळीसारखी रेघ. अमेगिलाचं बीळ म्हणजे करंगळी जेमतेम जाईल असं स्वच्छ गोल भोक, खाली कधीकधी ताजी माती सांडलेली. भोक कोळ्याच्या जाळ्याने झाकलेलं असेल तर ते जुनं, सोडून द्या. काठ गुळगुळीत आणि मोकळा असेल तर वापरात आहे, तिथे बसायचं.

पायरी ४: कुक्कू बी नक्की कशी ओळखायची

पट्टे की ठिपके, हा पहिला प्रश्न. पोटावर सलग आडवे पट्टे असतील तर अमेगिला. पट्टा मधोमध तुटून दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग झाली असेल, आणि छातीवर, पायांवरही निळसर पांढरे ठिपके असतील तर थायरियस. लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर. ठिपके म्हणजे अंगाला चिकटून बसलेले दाट चपटे केस असतात, त्यामुळे जुन्या माशीचे केस झिजले की ठिपके फिके, तुटके दिसतात, त्यावरून वेगळी जात समजू नका. काही एकदम निळ्या दिसतात, काही जवळजवळ पांढऱ्या.

दुसरं, मागचे पाय. ही परागच गोळा करत नाही म्हणजे पराग न्यायची सोय पायावर कशाला पाहिजे. अमेगिलाच्या मादीच्या मागच्या पायावर दाट झुबकेदार केस असतात आणि त्यात पिवळा पराग भरलेला असतो. कुक्कू बीचे पाय बारीक, काळे, ठिपक्यांचे. पायावर परागाचा गोळा दिसला की विषय संपला, ती कुक्कू बी नाही.

तिसरी खूण बहुतेक लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते हीच सगळ्यात पक्की. वरून बघा, छाती संपते आणि पोट सुरू होतं त्या जागी छातीचा मागचा भाग एका चपट्या ढालीसारखा मागे आलेला असतो, आणि त्या ढालीच्या मागच्या काठाला मधोमध खाच असते, त्या खाचेखालून पांढऱ्या केसांचा झुबका डोकावतो. एवढं दिसलं की बाकी काही नाही दिसलं तरी चालेल.

नर-मादी ओळखायचं असेल तर मादीचं पोट टोकाकडे निमुळतं होत जातं, नराचं जरा बोथट. फोटो चांगला मोठा असेल तर मिशांचे तुकडे मोजा, मादीला बारा, नराला तेरा, हा नियम बहुतेक सगळ्या मधमाश्यांना लागतो.

उडण्याची पद्धतही वेगळी. अमेगिलाची धावपळ तुम्ही बघितलीच. कुक्कू बी फुलावर येते ती स्वतःपुरता मकरंद प्यायला, बाकी बाजारहाट नाही, म्हणून निवांत असते. आणि घरट्यांजवळ असेल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर किंवा भिंतीला समांतर हळूहळू तरंगत जाते, एका भोकासमोर थांबते, पुढच्यासमोर थांबते. असं कोणी करताना दिसलं की श्वास रोखा.

गल्लत कोणाशी होते? कुक्कू वास्प नावाची एक छोटी गांधीलमाशी असते, ती पण दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, पण ती पूर्ण अंगभर धातूसारखी चमकदार हिरवी-निळी, ठिपके नाहीत, केसाळ नाही. मोठा काळा भुंगा, जो लाकूड पोखरतो, तो हिच्या दुप्पट. आणि आग्या, फुलोरी यांच्याशी गल्लत व्हायचं कारणच नाही.

जात कोणती हे विचारू नका, म्हणजे विचारा पण फोटोवरून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. भारतात थायरियसच्या बऱ्याच जाती आहेत, हिस्ट्रिओ, रामोसस, सेलोनिकस, मसुरी अशी नावं वाचायला मिळतील, आणि त्या वेगळ्या करायच्या तर त्या मागच्या ढालीचा आकार, ठिपक्यांची मांडणी आणि नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. लिफ्टिंक नावाच्या डच कीटकतज्ज्ञाने १९६२ मध्ये या भागातल्या जातींची फेरमांडणी केली, अजूनही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. जुनं काही वाचत असाल, म्हणजे १८९७ चं बिंगहॅमचं काम वगैरे, तर तिथे ही क्रोसिसा नावाखाली सापडेल, गोंधळू नका, तीच ही. आपण थायरियस इथपर्यंत थांबायचं. उगाच जातीचं नाव ठोकून देणारे खूप आहेत.

पायरी ५: घरट्याजवळ बसा, खरा खेळ इथे आहे

आता जरा वेळ काढून वाचा, कारण भिंतीच्या आत काय चाललंय हे माहीत असेल तरच बाहेरचं दिसलेलं कळतं.

अमेगिलाची मादी बीळ खणते, आत एक छोटी खोली करते, तिच्या भिंतींना अंगातला मेणासारखा स्राव लावून ओल आत येणार नाही अशी करते. मग फुलांवर चकरा मारून पराग आणि मकरंद आणते, त्याचा पातळसर खाऊ खोलीत भरते, वर एक अंडं घालते आणि तोंड मातीने बंद करते. झालं. ती पिल्लाला पुन्हा बघणार नाही, डबा भरून झाकण लावलं आणि ती पुढच्या खोलीच्या कामाला लागली.

कोकिळा आणि कावळा आपल्याला शाळेपासून माहीत आहे, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या समोर तोंड वासतं आणि कावळा त्याला भरवत बसतो. तिथे आईबापांना रोज फसवावं लागतं. इथे भरवणारी आई पिल्लाच्या आयुष्यात नाहीच. त्यामुळे कुक्कू बीला कोणाच्या नजरेसमोर सोंग करायचं नसतं, एकदाच बंद दार उघडून आत जायचं आणि बाहेर यायचं, एवढंच काम. सगळं कौशल्य वेळ साधण्यात आहे.

म्हणून ती वाट बघते. भिंतीवर, जवळच्या सुक्या काडीवर, कधी जमिनीवर बसून राहते. अमेगिला बाहेर गेली की ही भोकाजवळ येते, मिशा काठाला लावून चाचपते, अर्धी आत जाते, परत येते. कधी घरमालकीण आतच असते, मग झटापट होते. कुक्कू बीचं अंग कडक, कवच जाड आणि मादीला डंखही असतो, ते सगळं यासाठीच आहे, तुमच्यासाठी नाही. यजमानीण चावायला गेली तरी दात लागायला जागा मिळत नाही. बऱ्याचदा तर बाहेरच्या बाहेर दोघींची हवेत धडक होते आणि कुक्कू बी थोडी लांब जाऊन परत येऊन बसते.

आत गेल्यावर या गटातल्या माद्या बंद केलेल्या खोलीच्या मातीच्या बुचाला भोक पाडतात, पोटाचं निमुळतं टोक आत घालतात, खोलीच्या वरच्या भागाला आतून एक अंडं चिकटवतात आणि भोक परत मातीने लिंपतात. मग उडून जातात. घरमालकिणीला खोली बंदच दिसते.

पुढचं कोणी बघत नाही आणि बघवणारही नाही. कुक्कू बीच्या अंड्यातून जी अळी बाहेर येते तिला सुरुवातीच्या अवस्थेत लांब, विळ्यासारखे वाकडे जबडे असतात. खाण्यासाठी नाही, मारण्यासाठी. ती यजमानाचं अंडं किंवा कोवळी अळी शोधून संपवते, दोन कुक्कू अळ्या एकाच खोलीत निघाल्या तर त्या एकमेकींनाही सोडत नाहीत, एकच उरते. मग कात टाकली की ते जबडे जातात, साधे जबडे येतात आणि ही आरामात सगळा साठा खाऊन वाढते. त्याच खोलीत कोष अवस्था, त्याच भोकातून बाहेर. म्हणजे ज्या बिळातून निळ्या पट्ट्यांची यायला पाहिजे तिथून निळ्या ठिपक्यांची निघते.

हे वाचून काही जणांना राग येतो, "मग त्या गरीब माशीला वाचवायला नको का?" नको. परजीवी माशी तिथेच टिकते जिथे यजमान भरपूर असतात, यजमान संपले तर ही आधी जाईल. त्यामुळे तुमच्या भिंतीवर कुक्कू बी दिसणं म्हणजे अमेगिलाची वस्ती बरी चाललीये याची पावती समजा. जगातल्या वीस हजारांहून जास्त मधमाश्यांच्या जातींपैकी हजारो जाती अशाच दुसऱ्याच्या घरावर जगतात.

बसायचं कसं: भोकापासून चार-पाच फूट लांब, बाजूला, समोर नाही. समोर बसलात तर येणाऱ्या माशीचा रस्ता अडतो. तुमची सावली भिंतीवर पडता कामा नये. परफ्युम, डास पळवायचं क्रीम नको, फुल बाह्यांचा शर्ट घाला म्हणजे डासांचा प्रश्न मिटला. एक तास तरी द्या. भोकात काडी घालून "आत आहे का बघू" हा प्रकार कृपा करून कोणी करू नका, आणि आत टॉर्च मारू नका. एक भोक पकडून ठेवा, सगळ्यांवर लक्ष ठेवायला गेलात की काहीच दिसत नाही.

पायरी ६: झोपलेली पकडा, म्हणजे कॅमेऱ्यात

अमेगिलाच्या माद्या सहसा रात्री आपल्या बिळात असतात. नरांना घर नसतं, ते संध्याकाळी सुक्या काड्यांवर, गवताच्या दांड्यांवर एकाखाली एक रांगेत बसतात. आणि कुक्कू बीला तर नर काय मादी काय, कोणालाच घर नाही, त्यामुळे दोघंही उघड्यावरच झोपतात.

झोपायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. काडीला जबड्याने चावून घट्ट धरते, पाय पोटाशी घेते, आणि अख्खं अंग आडवं हवेत. फक्त दातांवर. वारा आला की काडी हलते, ही काडीबरोबर हलते, पकड सुटत नाही. मिशा खाली दुमडलेल्या, ठिपके एकदम स्पष्ट, मागच्या ढालीची खाच सुद्धा दिसते जी दिवसा पळत्या माशीवर कधी मिळणार नाही.

यासाठी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी फुलांच्या जागेजवळच्या सुक्या काड्या, वाळलेल्या मंजिऱ्या, वेलींची टोकं बघत चला. बऱ्याचदा त्या रोज त्याच भागात परत येतात, म्हणून आज सापडली तर उद्याही तिथे बघा. पहाटे उजाडताना गेलात तर अजून उत्तम, अंग गरम व्हायच्या आधी त्या उडत नाहीत, डिसेंबर-जानेवारीत जरा जास्त वेळ मिळतो.

फोनवाल्यांनी क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा, बऱ्यापैकी काम होतं, फक्त जवळ जावं लागतं, म्हणून झोपलेलीच बरी. कॅमेरा असेल तर ९० किंवा १०० एमएम मॅक्रो. दिवसा उडणाऱ्या माशीला शटर हजारात एकच्या खाली नको, आयएसओ वाढला तर वाढू दे, दाणेदार चालेल, हललेला चालणार नाही. झोपलेल्या माशीवर फ्लॅशचा मारा नको, दोन-तीन फोटो, संपलं. काडी तोडून "चांगल्या बॅकग्राउंडवर" नेणारे फोटोग्राफर असतात, त्यांच्याबरोबर जाऊ नका.

फोटो कोणते पाहिजेत: वरून एक ज्यात ढाल आणि खाच दिसते, बाजूने एक ज्यात पोटाचे ठिपके आणि मागचे पाय दिसतात, आणि चेहरा. सुंदर एकच फोटो असण्यापेक्षा हे तीन साधे फोटो जास्त कामाचे.

पायरी ७: नोंद टाका

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, दोन्हीकडे टाकता येतं. तारीख, वेळ, जागा, कोणत्या फुलावर, आणि काय करत होती हे लिहा. "भिंतीतल्या भोकासमोर बसून होती, अमेगिला गेल्यावर आत गेली" ही एक ओळ फोटोपेक्षा मोलाची असते. घरट्याची नेमकी जागा कोणाच्या घराची असेल तर लोकेशन जरा ढोबळ ठेवा. ओळख थायरियस इथपर्यंत द्या आणि बाकीचं जाणकारांवर सोडा.

शोधता शोधता दुसऱ्या परजीवी माश्याही दिसतील. कोएलिऑक्सिस नावाची एक असते, पोट शंकूसारखं टोकदार, ती पानं कापून घरटं करणाऱ्या माश्यांच्या मागे असते. गुलाबाच्या नाहीतर बोगनवेलीच्या पानांना काठावर सुबक गोल कापे दिसले की तिथे यजमान आहे, मग थोडं थांबा. काळी आणि लालभडक पोटाची युॲस्पिस दिसली तर तीही त्याच धंद्यातली.

घरी बोलवायची असेल तर

सरळ कुक्कू बीला बोलवता येत नाही, अमेगिलाला बोलवायचं. बॉक्स ग्रिलमध्ये तुळस, सब्जा, एखादं वांग्याचं रोप. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की झाड भरतं हे खरं, आई-आजी तेच सांगतात, पण एका कुंडीच्या मंजिऱ्या राहू द्या, तुळशीच्या लग्नापर्यंत तरी.

घरट्यासाठी मातीचा ब्लॉक करता येतो. नर्सरीतली लाल माती चाळून घ्या, त्यात चिकणमाती आणि थोडी बारीक रेती, पाणी घालून घट्ट मळा. सिमेंट अजिबात नाही, सिमेंटमध्ये ती खणू शकत नाही. मातीच्या आडव्या कुंडीत किंवा लाकडी खोक्यात दाबून भरा, किमान वीतभर खोल. अर्धवट ओलं असताना जाड पेन्सिलीने, सेंटिमीटरभर रुंद, दोन-तीन पेरं खोल अशी थोडी भोकं पाडा, ही फक्त सुरुवात, पुढचं ती खणते. सावलीत हळू वाळवा म्हणजे तडे जाणार नाहीत. वाळल्यावर नखाने ओरखडा उठला पाहिजे. उठत नसेल तर माती जास्त कडक झालीये, रेती वाढवून परत करा. आडवा ठेवायचा, भोकं समोर, सकाळचं ऊन लागेल आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी. आणि वजन बघा, चौथ्या मजल्याच्या ग्रिलवर मातीचं खोकं लटकवताना खाली माणसं चालतात हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळी डासांसाठी धूर फवारणीची गाडी येते तेव्हा ब्लॉकवर जुना सुती कपडा टाका, धूर गेल्यावर काढा. ग्रिलमध्ये झुरळांचा स्प्रे मारायचा असेल तर ब्लॉक आधी हलवा, पण सरळ धरून, आपटायचा नाही, आत खोल्या असतात.

कोणी आलं नाही म्हणून महिनाभराने फोडून टाकू नका. आणि आलं तर वर्ष झालं तरी फोडू नका, बाहेरून रिकामा दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये बुचं लावलेल्या खोल्या असू शकतात. पावसाळ्यात आत कोरड्या जागी सरकवायचा, पण बंद खोलीत नाही, गॅलरीत, जेणेकरून मधेच कोणी बाहेर पडलं तर त्याला उडून जायला वाट राहील.